धारूरच्या डोंगरातल्या घरासाठी डीप फ्रीज: आधी लाईट मोजली, मग लिटर

२०२२ सालच्या महालक्ष्म्या उठल्या आणि चौथ्या दिवशी आक्काचा फोन आला. "आडवा फ्रीज घ्यायचाय. तुझे दाजी म्हणायलेत मोठाच घेऊ. तू एकदा येऊन बघ."

मी अंबाजोगाईत फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो. लोक मला वस्तू बिघडली की बोलावतात. घ्यायच्या आधी बोलावणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि तेही सख्ख्या बहिणीचं घर. म्हणून या प्रकरणाचे आकडे मी वहीत टिपून ठेवले. त्याच वहीवरून हे लिहितोय.

आक्काचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत. घरात सात माणसं. शेत कोरडवाहू: कापूस, तूर, थोडी ज्वारी. बांधावर आणि डोंगराच्या उताराला सीताफळाची झाडं, त्यांतली लावलेली थोडी, आपोआप उगवलेलीच जास्त. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राने धारूर-६ नावाची जातही काढली. पण मानांकन मिळालं म्हणून फळ चार दिवस जास्त टिकत नाही. दसरा ते दिवाळी या दिवसांत झाडांवरची फळं एकदम डोळे उघडतात, म्हणजे तोडायला येतात. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत फळ मऊ पडतं, आणि त्याच दिवसांत अख्ख्या तालुक्याचं फळ बाजारात उतरलेलं असतं. साध्या फ्रीजमध्ये कच्चं ठेवलं तर साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. आंब्यासारखा रस आटवून ठेवावा म्हटलं तर सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि रंगही बदलतो. तेव्हा गर काढून गोठवणे, एवढीच वाट. आक्काचं म्हणणं म्हणून रास्त होतं. दरवर्षी तिच्या डोळ्यांसमोर पाट्याच्या पाट्या गुरांपुढे जात होत्या.

दाजींनी मात्र तालुक्याच्या दुकानात एक वस्तू जवळजवळ ठरवूनच टाकली होती. चारशे लिटरच्या वरचा, काचेच्या सरकत्या झाकणांचा, दसऱ्याची सूट धरून. "पाव्हणं, काचेतनं सगळं दिसतंय. अन् घ्यायचाच तर पुन्हा पुन्हा थोडाच घ्यायचाय?"

काचेचं झाकण दुकानदारासाठी असतं. पोरांना वरून आईस्क्रीम दिसलं पाहिजे, म्हणून तो गारवा वाया घालवतो आणि त्याची किंमत विक्रीतून काढतो. घरात काय ठेवलंय ते आक्काला पाठ असतं. तिला पत्र्याचं, आत फोम भरलेलं जाड झाकण पाहिजे. आडव्या पेटीचा मोठा फायदाच हा की थंड हवा जड असते. झाकण वर उघडलं तरी ती तळाशी बसून राहते; उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायावर सांडते. हे दाजींना पटलं. चारशे लिटरचं मात्र पटत नव्हतं, आणि त्या वादात शिरायच्या आधी मला दुसरंच काहीतरी बघायचं होतं.

लाईट

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डीप फ्रीजमध्ये बऱ्याच वेळा कॉम्प्रेसरच, म्हणजे गॅस दाबून फिरवणारी मोटरच, बंद पडलेला असतो, आणि तो वापरून झिजलेला नसतो. तो लाईटने मेलेला असतो. डिम लाईटवर मोटर सुरू व्हायला धडपडते, गरम होते, आतली वायंडिंग जळते. दुसरं म्हणजे लाईट गेली आणि अर्ध्या मिनिटात परत आली, तर नळ्यांमधला गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, आणि त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला उठावं लागतं. तीन ते पाच मिनिटं थांबून सुरू झाला तर त्याला काही होत नाही. गावात पावसाळ्यात लाईट दिवसातून दहा वेळा अशीच ये-जा करते.

भाच्याला मीटर दिलं आणि सांगितलं, चार दिवस दर दोन तासांनी सॉकेटमध्ये घालून आकडा लिही. पोरगं बारावीला होतं, त्याने रात्री तीनचाही आकडा आणला. संध्याकाळी सात वाजता १६८ व्होल्ट. रात्री दहाला १९० च्या पुढे. पहाटे तीनला २५२. ठरलेला आकडा २३० चा. म्हणजे दिवा लावायच्या वेळी यंत्र उपाशी आणि पहाटे त्याला जास्त खाऊ घातलेलं. काही कंपन्या लिहितात की आमचं यंत्र स्टेबिलायझरशिवाय चालतं. त्या वाक्याखाली बारीक अक्षरात व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते, ती वाचावी. आक्काच्या गावात १६८ ही काही तळाची खूण नव्हती. कापसाला पाणी द्यायच्या दिवसांत याहून खाली जातं, असं शेजारी म्हणाले.

म्हणून पहिली खरेदी फ्रीजची झालीच नाही. १४० व्होल्टपासून धरणारा आणि लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून पुढे सोडणारा स्टेबिलायझर घेतला. त्याच्याही आधी अर्थिंग. घरातल्या सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याला मागे वायरच नव्हती. न्हाणीच्या मागे खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरून अर्थिंग केली. पत्र्याच्या अंगाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, हे आमच्याकडे लोक इतकं सहज सांगतात की जणू फ्रीजचा स्वभावच आहे.

घरात जुना इन्व्हर्टर होता. दाजी म्हणाले, लाईट गेली की त्यावर लावू. तो चौकोनी लहरीचा, पंख्या-दिव्यांसाठीचा. त्यावर कॉम्प्रेसरची मोटर गरम होते आणि गुणगुणते, शिवाय सुरू होतानाचा तिचा झटका चालू भाराच्या कितीतरी पट असतो. त्याला हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणजे माझ्या मागे कुणी जोडणार नाही.

किती लिटर

आता लिटर. दुकानात माणसं मोजून लिटर सांगतात. डीप फ्रीजला ते लागू नाही. वर्षातल्या कुठल्या दिवशी पेटी सगळ्यात जास्त भरलेली असेल, तो दिवस धरायचा आणि त्या दिवसाचा माल मोजायचा.

आक्का आणि मी ओसरीवर बसून महिने मांडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीताफळाचा गर. फळाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हाती लागतो असं ती म्हणाली, म्हणजे ऐंशी-नव्वद किलो फळाचा तीसेक किलो गर. डिसेंबरात येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) सुमारास तुरीचे ओले दाणे आणि हरभऱ्याचे सोलाणे, मिळून आठ किलो. जानेवारीत बाजारात मटार उतरला की सोललेले पंधरा किलो. तेव्हाच हुरडा, दहा किलो. घर माळकरी, त्यामुळे मटण-मासळीचा प्रश्नच नाही. मे महिन्यात केशर आंब्याचा रस वीस लिटर, पण तोवर निम्मा गर आणि हुरडा संपलेला.

म्हणजे सगळ्यात भरलेला दिवस जानेवारीच्या शेवटचा. गर लिटरला किलोच्या आसपास बसतो. मटार, हुरडा, दाणे यांत पोकळी राहते, त्यांना किलोमागे दीड लिटरपेक्षा जास्त जागा धरावी. बेरीज ऐंशी लिटरच्या जवळ आली. पाकिटांमधल्या फटी, टोपली, झाकणाखालची मोकळी जागा धरून ती दीडपट केली: १२० लिटर. त्यावर पाण्याच्या बाटल्या, त्यांचं कारण पुढे येईल. दीडशे लिटरमध्ये काम भागलं असतं, दोनशे लिटरमध्ये ऐसपैस. चारशेच्या पेटीत ऐन जानेवारीतही दोन तृतीयांश हवाच गार करावी लागली असती. रिकामी पेटी लाईट गेल्यावर लवकर तापते, हे तिचं दुसरं दुखणं.

"मग मोठा घेऊन त्यात दुसऱ्यांचं ठेवू की," दाजी म्हणाले. आक्काने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. गावात एकदा दुसऱ्यांचं ठेवायला सुरुवात झाली की झाकण दिवसभर उघडझाप करणार आणि चार घरांची पाकिटं एकमेकांत जाणार. दोनशे लिटर ठरले.

दुकानात गेल्यावर मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, मागच्या पट्टीवरचं हवामानाचं अक्षर. एन लिहिलेलं यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत तपासलेलं असतं. दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदा ती पट्टी वाकून वाचली. आपल्या मराठवाड्यात टी नसेल तर बाकीचं बोलूच नये. दुसरी गोष्ट, आतला गॅस. नव्या यंत्रांत आर-६००ए किंवा आर-२९० असतो. दोन्ही जळणारे, प्रमाण ग्रॅमांत मोजण्याइतकंच असतं, त्यामुळे चालू यंत्राची भीती नाही, पण दुरुस्तीला ते काम शिकलेला माणूस पाहिजे. जुना आर-१३४ए भरणारे तालुक्यात चार सापडतील, हा नीट भरणारा एखादाच. मीच असल्यामुळे आक्काचा प्रश्न सुटला. तुमच्या गावात कोण आहे, हे बिल फाडायच्या आधी विचारा.

स्टारही पाहिले. डीप फ्रीजला स्टार लेबलची योजना २०२० मध्ये आली. पण तारे मोजण्यापेक्षा लेबलवरचे वर्षाचे युनिट बघणं बरं, कारण मोठ्या यंत्राचे जास्त तारे आणि लहान यंत्राचे कमी तारे यात लहान यंत्र कमी वीज खात असू शकतं. फ्रीज, स्टेबिलायझर, अर्थिंग, सगळं धरून पंचवीस हजारांच्या आत बसलं.

कुठली खोली

यावर आमचा एक अख्खा दिवस गेला, आणि जावाच असा तो विषय आहे. घराचा पुढचा भाग नवा, पत्र्याचा. मागे जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंतींचं. सगळ्यांना फ्रीज पुढच्या खोलीत हवा होता, कारण तिथे फरशी आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. या पेट्यांना मागे जाळी नसते. गरम नळ्या पत्र्याच्या आतून बाजूच्या भिंतींतच फिरवलेल्या असतात, म्हणून बाजू हाताला कोमट लागते. आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर ती उष्णता जाणार कुठे? भिंतीला चिकटवून ठेवला किंवा वर कापडाचं झालर टाकलेलं पांघरूण घातलं तरी हेच होतं. चारी बाजूंना वीतभर जागा सोडायची.

पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम दोन्ही खोल्यांत उष्णतामापक ठेवून आलो, ते आकडे आधी सांगून टाकतो: दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीत ४६, माळवदाच्या आतल्या खोलीत ३४. टी लिहिलेलं यंत्रसुद्धा पहिल्या खोलीत आपल्या मर्यादेबाहेर असतं. हा १२ अंशांचा फरक आपल्या आज्या-पणज्यांनी बांधून ठेवलाय, तो फुकट वापरायचा.

अडचण दाराची. माळवदाचं दार सव्वीस इंच रुंद आणि माणूस वाकून जाईल एवढं उंच. खोकं काढल्यावर पेटी जेमतेम गेली, तीही थोडी तिरकी करून. तिरकी केली की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत सरकतं, म्हणून आत ठेवल्यावर रात्रभर लावू दिली नाही. आक्काच्या सासूबाई सकाळी उठून हात लावून बघत होत्या, "गार झाला नाही अजून. फसवलं का काय?"

पहिला हंगाम

पहिली चूक झाली ती माझ्या सांगण्यातली होती. किती मावतं ते मी सांगितलं होतं, एका वेळी किती गोठतं ते सांगायला विसरलो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आक्का, जाऊ आणि दोन शेजारणींनी दिवसभर बसून अठ्ठावीस किलो गर काढला आणि पाच-पाच किलोच्या तुपाच्या डब्यांत भरून एकदम आत ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबे कडेने कडक, मधे लापशी. तिसऱ्या दिवशी सगळे गोठले, पण नंतर उघडल्यावर दोन डब्यांचा मधला गर तपकिरी निघाला आणि त्याला आंबूस वास होता. दहा किलो गर गेला. आक्का मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाटलं.

घनफुटामागे दिवसाला किलो-सव्वा किलो, एवढाच नवा माल आत घालावा. दोनशे लिटर म्हणजे सात घनफूट, म्हणजे दिवसाला सात-आठ किलो. त्याहून जास्त घातलं तर नवंही गोठत नाही आणि आधीचं गोठलेलंही ढिलं पडतं. उरलेल्या झाडांची फळं मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने तोडली. गर अर्ध्या किलोच्या जाड पिशव्यांत, लिंबाचे चार थेंब टाकून, हवा दाबून काढून, बोटभर जाडीच्या चपट्या वड्या करून भरला. गारव्याच्या नळ्या पेटीच्या भिंतींत असतात, तेव्हा पहिल्या रात्री पाकिटं भिंतीला टेकवून ठेवायची, गोठली की मधे पुस्तकांसारखी उभी रचायची. थर्मामीटर आत कायम ठेवला, उणे १८ च्या खाली राहिला पाहिजे. पाकिटावर महिना लिहायचा. हे काम भाच्याने हौसेने केलं, एका पाकिटावर "आजीचं, हात लावू नये" असंही लिहिलं.

मटार आणि तुरीचे दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडे करून भरले. असंच कच्चं गोठवलं तर दोन महिन्यांत गवतासारखी चव येते. हुरडा आक्काने भाजून चोळलेलाच ठेवला.

त्रेपन्न तास

जून २०२३ च्या सुरुवातीला वळवाच्या पावसात गावच्या डीपीवर झाड पडलं. लाईट येईपर्यंत त्रेपन्न तास गेले. पूर्ण भरलेली पेटी झाकण न उघडता दोन दिवस आणि अर्धी भरलेली एक दिवस धरते, असा ढोबळ हिशोब आहे. आमच्याकडचा जून बघता मी त्यातून थोडं वजाच करतो.

पाण्याच्या बाटल्या इथे कामाला आल्या. जसजसा माल संपत गेला तसतशा आक्काने मोकळ्या जागेत मीठ घातलेल्या नाही, साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, वरून चार बोटं रिकाम्या ठेवून. त्या दिवशी आत वीस लिटर बर्फ होता. झाकण कुणी उघडायचं नाही असा हुकूम सुटला आणि पेटीवर दोन वाकळा टाकल्या. लाईट आली की वाकळा लगेच काढायच्या हे मी फोनवर तीनदा सांगितलं, नाहीतर बाजूच्या नळ्यांची उष्णता कोंडते.

वरच्या टोपलीत स्टीलच्या पेल्यात पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं होतं. बर्फ वितळला की नाणं बुडतं आणि पुन्हा गोठलं तरी खालीच राहतं, म्हणजे मधे काय घडलं ते कळतं. नाणं बोटाच्या पेरभर खाली गेलं होतं. टोपलीतला मटार मऊ पण गार होता, तो त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी संपवला. खालचा गर आणि रस दगडासारखा. पुन्हा काही गोठवायची वेळ आली नाही.

बिल

फ्रीजच्या आधी आक्काच्या घरी महिन्याला ८०-९० युनिट जळत. फ्रीज जानेवारीत दिवसाला ०.९ युनिट घेत होता, मे महिन्यात १.६. दुकानदार या युनिटांना सरसकट एका दराने गुणून दाखवतो. पण घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो आणि त्यापुढच्या युनिटाचा दर एकदम चढतो. म्हणून थंडीत बिलात दोनशेच्या आसपास भर पडली, तर मे महिन्यात साडेपाचशेच्या वर. ज्यांचं घर आधीच ९५ युनिटांवर आहे त्यांनी हा हिशोब कागदावर करून बघावा.

माझं मत विचाराल तर नुसत्या मटारासाठी हे यंत्र घेऊ नये. जानेवारीत स्वस्त घेतलेला मटार जुलैपर्यंत उणे १८ वर सांभाळायला जी वीज लागते ती बाजारभावातला फरक खाऊन टाकते. आक्काकडे हिशोब जुळतो तो फुकट आलेल्या आणि दुसऱ्या कुठल्या मार्गाने न टिकणाऱ्या फळामुळे. दोघी-तिघींनी गर विकत मागितला, तेव्हा मी सांगितलं की विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढावी लागेल. तो विषय तिथेच थांबला.

२०२३ ला अधिक श्रावण आला. जावई धोंड्याच्या जेवणाला आले आणि ताटात सीताफळाची बासुंदी आली, तीही पावसाळ्यात. दूध आटवून पूर्ण गार केल्यावरच आक्काने गर घातला. कडवट होण्याचं ती विसरली नव्हती. त्या जेवणानंतर पेटीत फारसं काही उरलं नाही. जे होतं ते साध्या फ्रीजच्या वरच्या फ्रीझरमध्ये हलवलं, पेटी बंद केली, तळाचं बूच काढून वितळलेलं पाणी सोडलं, कोरडी पुसली आणि झाकणात लाकडाची चिपळी अडकवून दसऱ्यापर्यंत उघडी ठेवली. दरवर्षी आता तेच करतात. वर्षातून एकदा बर्फ काढणंही त्यातच होतं. सुरीने खरवडायचा मोह होतो, पण नळी फुटली की गॅस गेला. माझ्याकडे अशा पेट्या येतात, आणि भिंतीतली नळी फुटलेल्या पेटीची दुरुस्ती मी गिऱ्हाइकाला सुचवत नाही.

माळवदाची एक किंमत मात्र मोजावी लागली. पावसाळ्यात मातीच्या जमिनीला ओल येते, आणि दोन वर्षांत खालच्या एका कोपऱ्याला गंज धरला. मी तो घासून रंगवला आणि पेटी चार विटांवर चढवली. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. झाकणाच्या रबरात कागद धरून ओढला तर तो अजून अडकतो, तेवढं ठीक आहे.

दाजी आता दुसऱ्या पेटीचं बोलायलेत, केशराच्या रसासाठी. माळवदात जागा उरलेली नाही. पत्र्याच्या खोलीतले ४६ अंश मी त्यांना वहीत दाखवलेत, आणि त्यांनी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.